साच्यातला माणूस

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आम्ही प्राणिशास्त्र शिकत होतो, तेव्हा ‘माणसाचा मूळ स्वभाव’ या विषयावर होस्टेलवर रात्ररात्र भांडणं व्हायची. जीवशास्त्रज्ञ ई. ओ. विल्सन यांचं ‘सोशियोबायॉलॉजी’ १९७५ मध्ये आलं होतं. प्राण्यांच्या सामाजिक वागण्याची जैविक मुळं शोधणाऱ्या या पुस्तकातलं शेवटचं प्रकरण माणसावर होतं आणि सारा गदारोळ त्यावरच. हार्वर्डमधलेच त्यांचे सहकारी लेवॉन्टिन आणि गूल्ड उघडपणे विरोधात उभे राहिले. १९७८ मध्ये वॉशिंग्टनच्या एका परिषदेत तर निदर्शकांनी विल्सन यांच्या डोक्यावर पाणी ओतलं. आक्रमकपणा रक्तातच असतो की परिस्थिती तो घडवते, यावरून आमच्यातही अबोले झाले. पण माणसाचा एक ठरलेला साचा आहे, हे आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

साच्याची सवय प्रॅक्टिकलमध्येच लागायची. मेणाच्या ट्रेवर टाचण्यांनी ताणलेला बेडूक. एखाद्याची रक्तवाहिनी जरा भलतीकडूनच फुटलेली असे. जर्नलमध्ये मात्र आकृती पुस्तकातलीच काढायची; दिसलं तसं काढलं की लाल रेघ. खरं तर डार्विनचा सगळा सिद्धांत त्या भलतीकडे फुटलेल्या फांदीवरच उभा आहे! जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट मायर हेच सांगत होते: फरक खरे, नमुना आपण कल्पिलेला.

पुढे १९८६ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड हल यांनी एका निबंधात हा विचार थेट माणसाला लावला. प्रजाती म्हणजे एक वंशावळ. तिच्यातल्या प्रत्येकात सापडेल असा गाभा असलाच पाहिजे असं नाही. दुधाचंच घ्या. जगातल्या बहुसंख्य प्रौढांची दूध पचवण्याची क्षमता लहानपणानंतर घटते, उत्तर युरोपात मात्र बहुतेकांची टिकते. यातला अस्सल माणूस कोणता म्हणायचा?

आता एदुआर माशेरींसारखे तत्त्वज्ञ ‘स्वभाव’ हा शब्द ठेवतात, पण उत्क्रांतीतून आलेले, बहुतेकांमध्ये आढळणारे गुण एवढ्याच बेताच्या अर्थाने. मला हे पटतं. तरी त्या भांडणांची धग आठवते. आता एवढ्या पोटतिडकीने कुणी भांडताना दिसत नाही. प्रॅक्टिकलमधलं विच्छेदन बंद झालं हे चांगलंच झालं, पण त्याच्या जागी आलेला संगणकाच्या पडद्यावरचा बेडूक दर वेळी हुबेहूब तोच. साचा उलट पक्काच झाला.

हल यांचा एक मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो: माणसांचे हक्क जैविक सारखेपणावर टांगू नयेत. त्यांचा तो निबंध लहानच आहे. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्यांनी तो एकदा वर्गात वाचावा, आणि मुलांना मनसोक्त भांडू द्यावं.