साहेबाच्या देशात विनातिकीट

मी तिकीट कलेक्टरचा मुलगा आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे, म्हणजे पुढे जे घडले त्यातली मौज आणि त्यातली बोच दोन्ही वाचकांच्या ध्यानात येतील. आमचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, खानदेशातल्या एका जंक्शनवर काळा कोट घालून फाटकात उभे राहत. घरी कुणी पाहुणा आला की आई पाण्याचा तांब्या घेऊन पुढे होई आणि अण्णांची नजर सवयीने त्याच्या खिशाकडे जाई. त्यांना जेवणाचा डबा पोचवायला मी स्टेशनावर जात असे, तोही प्लॅटफॉर्म तिकीट काढून! पुढे बँकेत लागलो आणि चौतीस वर्षे डोंबिवली ते बोरीबंदर असा पास बाळगला. (बोरीबंदरची नावे मधल्या काळात बदलत गेली, माझ्या तोंडातले बदलले नाही.) पास संपायच्या दोन दिवस आधी नवा खिशात असायचा. एवढी पुण्याई गाठीशी असताना वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, २०२४ च्या जून महिन्यात, मी साक्षात लंडनमध्ये विनातिकीट पकडला गेलो. आणि तोही सपत्नीक!

आमची कन्या नवऱ्याच्या नोकरीमुळे लंडनपासून रेल्वेने तासाभरावर एका गावात राहते. गावाचे नाव सांगत नाही. तिकडे कुठल्या मार्गावर कुठली रेल्वे कंपनी हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. गावाचे नाव सांगितले की कंपनीचेही सांगितल्यासारखे होईल, आणि मला कुणाशी भांडण उकरून काढायचे नाही. गाव मात्र मोठे गोड. एक चर्च, एक दारूचा गुत्ता, एक वाण्याचे दुकान, आणि गुत्त्यात चर्चपेक्षा गर्दी अधिक. स्टेशन म्हणजे दोन फलाट आणि त्यांना जोडणारा एक लोखंडी पूल. ना हमाल, ना चहावाला, ना "बाजू हटाव" म्हणून ओरडणारा कुणी. तिकिटाची खिडकी सकाळी थोडा वेळ उघडते आणि मग दिवसभर झोपते. फलाटावर लाकडी पिंपे अर्धी कापून त्यांत फुलझाडे लावलेली. त्यांना पाणी घालायला एक म्हाताऱ्या बाई येत. त्या रेल्वेच्या नोकर नव्हेत. आपल्या गावचे स्टेशन नीटनेटके असावे म्हणून गावकरीच ते काम अंगावर घेतात, ही तिकडची रीत. मला ती फार आवडली. आपल्याकडे देवळाच्या दीपमाळेला तेल घालणारे एखादे घर असते ना, तसेच हे.

त्या बुधवारी आम्ही दोघे लंडनला निघालो होतो ते किंग हेन्रीज रोडवरचे दहा नंबरचे घर पाहायला. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ साली विद्यार्थी असताना जिथे राहिले ते घर. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते विकत घेतले आणि तिथे स्मारक केले. टॉवर ऑफ लंडन आणि मेणाचे पुतळे जावयाने हौसेने दाखवले होते. हे घर मात्र आमचे आम्ही पाहायचे, असे मीच ठरवले होते.

स्टेशनावर आलो तो खिडकी बंद आणि तिकिटाचे यंत्र मेलेले. काळ्या काचेवर एक पांढरी रेघ तेवढी थरथरत होती. मी काचेवर टिचकी मारली, मग टपली मारली, मग आपल्याकडे बिघडलेल्या रेडिओला देतात तसा बाजूने एक गुद्दाही दिला. सौभाग्यवती तेवढ्यात म्हणाली, "अहो, तिथेच उभे राहा, मागे फुलं छान दिसताहेत," आणि तिने मोबाइलवर माझा फोटो काढला. गाडी आली. कन्येने सांगून ठेवले होते, "बाबा, मशीन बंद असलं तर बसून घ्या, लंडनला उतरल्यावर तिकीट काढता येतं." आम्ही बसलो. खिडकीतून मेंढ्या, हिरवे उतार आणि मधूनच पिवळ्याजर्द फुलांचे शेत. पण माझे चित्त त्यांत नव्हते. विनातिकीट प्रवासाला नजारा नसतो. प्रत्येक स्टेशनावर दार उघडले की माझ्या छातीत धस्स होई.

लंडनच्या त्या प्रचंड स्टेशनात मी स्वतः होऊन फाटकापाशी गेलो आणि तिथल्या गणवेशधारी तरुणाला सांगितले, की बाबा रे, आमच्याकडे तिकिटे नाहीत, ती दे. त्याने हातातल्या यंत्रात काहीतरी पाहिले आणि अत्यंत अदबीने म्हणाला, की सर, आमच्या नोंदीप्रमाणे तिथले यंत्र चालू आहे. मी म्हणालो, मी ते डोळ्यांनी बंद पाहिले. तो म्हणाला, समजतो, सर. एवढे "सर" मला बँकेत शाखाप्रमुख असतानाही कुणी म्हटले नव्हते. प्रत्येक "सर"बरोबर दंड मात्र पक्का होत गेला. आमचे पाच अक्षरी आडनाव त्याला लिहून घेता घेता मागे रांग लागली. रांगेतले लोक आमच्याकडे पाहत नव्हते. न पाहण्याची त्यांची ती सभ्य तऱ्हा मला पाहण्यापेक्षा जास्त लागली.

दंड म्हणजे माणशी १०० पौंड आणि वर भाडे. एकवीस दिवसांत भरल्यास १०० चे ५०. जानेवारी २०२३ पर्यंत तो २० पौंड किंवा भाड्याच्या दुप्पट, यांत जे जास्त असेल तेवढा असे. मग इंग्लंडात एकदम १०० झाला. म्हणजे लगेच भरले तरी दोघांचे मिळून दहा हजार रुपयांवर. आपल्याकडे अजून भाडे आणि वर किमान २५० रुपये एवढ्यावर भागते. योगायोग असा, की आपला आजचा रेल्वे कायदा १९८९ चा, आणि ब्रिटिश रेल्वेला असा जागच्या जागी दंड घेण्याचा अधिकार देणारा कायदाही १९८९ चाच.

किंग हेन्रीज रोडवर पोचलो तेव्हा दोघेही गप्प होतो. चॉक फार्मला भुयारी गाडीतून उतरून चालत जायचे. चार मजल्यांचे घर, दारावर पाटी. आत छायाचित्रे, पुस्तके, पलंग. इथे राहून त्यांनी अभ्यास केला. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ साली पुस्तकरूपाने निघाला. माझ्या डोक्यात त्या वेळी पौंडाचा प्रश्न घोळत होता, आणि त्या जागेत तो घोळावा याची मला लाज वाटली. तिथेच आठवले, की या घराचेही एक प्रकरण झाले होते. शेजारच्या काही रहिवाशांनी हरकत घेतली. राहत्या घराचे स्मारक करायला स्थानिक कौन्सिलने २०१८ साली परवानगी नाकारली. त्यावर अपील झाले, २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली, आणि मार्च २०२० मध्ये मंत्र्यांनी परवानगी दिली. म्हणजे आम्ही उभे होतो ते स्मारक अपिलात जिंकलेले होते! मी सौभाग्यवतीला म्हणालो, "मी अपील करणार."

ती म्हणाली, "करा. मी माझे पैसे भरून टाकते. मला झोप हवी."

कन्येचेही मत तेच होते. "बाबा, सोडा ना. पन्नास पौंडांसाठी कशाला डोक्याला त्रास?" तिला कसे सांगावे, की प्रश्न पन्नास पौंडांचा नाही? अण्णा जाऊन वीस वर्षे झाली. पण त्या कागदावर माझ्या नावापुढे जे लिहिले होते, ते त्यांच्याही नावापुढे लिहिल्यासारखे मला वाटत होते. आडनाव एकच ना!

दंडाच्या कागदामागे बारीक अक्षरांत सर्व लिहिलेले असते. मी भिंग घेऊन बसलो. २०१८ सालचे नियम आहेत. अपील एकवीस दिवसांत करायचे. ते चालू असेतो दंडाचे घड्याळ थांबते. ऐकणारे मंडळ रेल्वे कंपन्यांपासून स्वतंत्र असले पाहिजे. पहिले अपील फेटाळले तर चौदा दिवसांत दुसरे. तेही फेटाळले तर तिसरे, तीन पंचांपुढे. आणि मुख्य कलम असे, की चढलेल्या स्टेशनावर त्या वेळी तिकीट मिळण्याची सोयच नसेल तर हा दंड लावताच येत नाही. वाचून मी टेबलावर थाप मारली. जावई दचकून उठला.

पुरावा म्हणून फोटो होता! मोठ्या उत्साहाने तो उघडला. फुले सुरेख आली होती. मीही बरा आलो होतो. यंत्र माझ्या मागे होते, आणि त्याची काच जिथे असायला हवी तिथे नेमके माझे पोट होते. तरी तो जोडला, दोन पाने इंग्रजी लिहिले. बँकेत बत्तीस प्रकारची पत्रे लिहिलेला माणूस मी, "विनम्र निवेदन" या चालीवर सुरुवात केली. काही दिवसांनी उत्तर आले. यंत्र त्या दिवशी चालू असल्याची नोंद आहे, छायाचित्रातून उलट काही सिद्ध होत नाही, अपील अमान्य.

त्या रात्री झोप लागली नाही, आणि एक जुनी रात्र आठवली. १९६४ साल असावे, मी आठ वर्षांचा. अण्णा जेवायला बसले आणि ताटावरून उठले. दुपारच्या गाडीने एक बाई उतरली होती, कडेवर पोर. म्हणाली, आमच्या हॉल्टवर तिकीटबाबूच नव्हता. अण्णा म्हणाले, मग गार्डाकडून दाखला का नाही घेतलास? तशी तरतूद तेव्हाही होती, तिकीट मिळाले नाही तर चढण्यापूर्वी गार्डाला सांगून दाखला घ्यायचा. तिला गार्ड म्हणजे काय तेच ठाऊक नव्हते. अण्णांनी पावती फाडली. पोराच्या खाऊसकट होते नव्हते तेवढे पैसे तिने पदराच्या गाठीतून सोडून दिले. "ती खोटं बोलत असेल," आई समजुतीने म्हणाली. अण्णा म्हणाले, "असेल. किंवा नसेल. मी होतो, ती होती, आणि नियम होता. विचारायला तिसरं कुणी नव्हतं." मग बराच वेळ ते ओट्यावर बसून होते. पुढे कधी तो विषय निघाला नाही.

सकाळी उठलो तो तडक स्टेशनावर गेलो. पाणी घालणाऱ्या बाई होत्या. त्यांना सारे सांगितले. माझे इंग्रजी आणि त्यांचे कान, दोघांचीही परीक्षा झाली. त्यांनी झारी खाली ठेवली. म्हणाल्या, यंत्र ना? ते मंगळवारी संध्याकाळीच बंद पडले. मीच तर फलाटावरच्या मदतीच्या खांबाचे बटण दाबून कळवले! त्यांनी पिशवीतून एक वही काढली. कुठल्या पिंपात काय लावले, कधी खत घातले, याची ती वही. त्यात मंगळवारच्या तारखेखाली, दोन गुलाबी फुलझाडांच्या नोंदींच्या मध्ये, एक ओळ होती: यंत्र बंद, कळवले, सव्वासहा. त्यांनी मला त्या पानाचा फोटो काढू दिला आणि वर दोन ओळींचे सहीचे पत्रही दिले. पैशांचा विषय त्यांनी काढला नाही. माझे पोट फोटोत आडवे आले हे ऐकून मात्र फार हसल्या.

दुसरे अपील मी अर्ध्या पानात लिहिले. अमुक वाजता तुमच्या मदतीच्या खांबावरून निरोप गेला आहे. त्याची नोंद तुमच्याकडेच असेल, ती पाहावी. बस्स. उत्तराची वाट पाहण्यात मुक्कामाचे दिवस सरत आले. दारातल्या फटीतून टपाल पडले की नातू ओरडे, "आजोबा, तुमचं कोर्ट आलं का?" आले ते आमच्या परतीच्या आठ दिवस आधी. अपील मान्य, दंड रद्द. फक्त साधे भाडे भरावे. सोबत क्षमेचे एक वाक्य होते. छापील होते, पण मी ते दोनदा वाचले.

सौभाग्यवतीचे पन्नास पौंड मात्र गेले ते गेलेच. तिच्या अपिलाची मुदत केव्हाच उलटली होती. तिच्या नावाने पुन्हा अर्ज लिहू का, असे मी विचारले, तर तिने ज्या नजरेने पाहिले तिच्यावर कुठेही अपील नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी लंडनला एक शेवटची फेरी होती. बाईंसाठी तिने बेसनाचे लाडू केले होते. ते डब्यासकट दिले. गाडीला अजून वेळ होता. यंत्राची काच उजळलेली होती. मी बोटाने दाबत गेलो, आणि दोन नारिंगी तिकिटे खाली पडली. ती हातात धरून मी वळलो, तर सौभाग्यवतीने मोबाइल सरसावला होता.

"अहो, जरा बाजूला व्हा," ती म्हणाली, "या वेळी मशीन दिसू दे."