लायडनची घामाची खोली आणि आमची भाची

लायडन स्टेशनातून बाहेर पडलं की आधी दिसतो सायकलींचा समुद्र. तो ओलांडून कालव्याच्या कडेकडेनं चालत राहायचं, की रापेनबुर्ख येतं. पुण्यात फर्गसन रस्त्यावर जशी एक "इथं लोक शिकतात" अशी हवा असते ना, तशीच इथं आहे. फक्त चहाऐवजी कॉफी, आणि वडाच्या झाडांऐवजी पाण्यात वाकून बघणारी घरं. हे हॉलंडमधलं सर्वांत जुनं विद्यापीठ, १५७५ सालचं. आदल्या वर्षी स्पॅनिश सैन्याचा वेढा गावानं उपाशीपोटी सोसला, बांध फोडून पाणी आत घेतलं आणि ३ ऑक्टोबरला वेढा उठला. तेव्हा विल्यम ऑफ ऑरेंजनं गावकऱ्यांना विचारलं म्हणे, करमाफी हवी की विद्यापीठ? आणि गावानं विद्यापीठ मागितलं! दंतकथाच असणार. आपल्याकडच्या कुठल्या गावानं काय मागितलं असतं, ते मंडळींनी आपापल्या मनाशी ठरवावं.

आम्ही गेलो होतो ते शेजारच्या मुलाच्या पीएच.डी.च्या समारंभाला. इथे हा समारंभ सर्वांना खुला असतो. झगे घातलेले प्राध्यापक प्रश्न विचारतात, उमेदवार उत्तरं देतो, आणि बरोबर पंचेचाळीस मिनिटांनी दंडधारी येऊन लॅटिनमध्ये सांगतो, "होरा एस्ट", म्हणजे वेळ झाली. हा "होरा" आपल्या ज्योतिषातलाच बरं का! ग्रीकांकडून तो एकीकडे रोमला गेला आणि एकीकडे आपल्या पंचांगात येऊन बसला. जुन्या इमारतीत वर एक लहानशी खोली आहे, नाव "घामाची खोली". निकालाची वाट बघत उमेदवार तिथे घाम गाळायचे. पदवी मिळाली की भिंतीवर सही करायची, हा रिवाज. चर्चिलना १९४६ साली आणि मंडेलांना १९९९ साली इथली मानद पदवी मिळाली. त्यांच्याही सह्या आहेत तिथे.

माझी भाची त्या भिंतीपुढे जरा जास्तच वेळ उभी राहिली. तिचं कारण सांगते.

भाची सांगलीची. बी.ए. इंग्रजी, मग बी.एड., आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नऊ वर्षं नोकरी. एम.ए. करायचं राहूनच गेलं, आधी लग्न आणि मग लेक. नवरा कंपनीकडून इकडे आला, आता राहतात अ‍ॅमस्टलव्हेनला. तिच्या परवान्यावर काम करायला पूर्ण मुभा आहे. "मावशी, मला इथल्या युनिव्हर्सिटीत इंग्रजी शिकवायचंय," म्हणाली. मी म्हटलं, अगं, या लोकांना इंग्रजी कोण शिकवणार? इथे भाजीवालासुद्धा तुझ्या-माझ्यापेक्षा सफाईनं बोलतो.

पण तिनं शोध घेतला होता. विद्यापीठांना इंग्रजीचे शिक्षक लागतात. पीएच.डी.च्या मुलांना शोधनिबंध लिहायला शिकवावं लागतं, आणि इंग्रजीतून शिकवणाऱ्या डच प्राध्यापकांची भाषा घासूनपुसून घ्यावी लागते. हे काम बहुतेक विद्यापीठांची भाषाकेंद्रं करतात. अडचण एवढीच, की तिनं पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत मास्टर्स मागितलेलं. हा देश पदव्यांच्या बाबतीत आपल्यापेक्षा कमी सोवळ्यातला नाही. २००२ साली बॅचलर-मास्टर पद्धत आली, त्याआधी लोक नावाआधी "डॉक्टोरांडुस" लावत. काही जुन्या दारांवरच्या पाट्यांवर ते अजून दिसतं.

शब्दांचाही गोंधळ. इथली "होखस्खोल" म्हणजे हायस्कूल नव्हे, ते व्यावसायिक पदवी देणारं महाविद्यालय, आणि इंग्रजीत स्वतःला युनिव्हर्सिटी म्हणवतं. तिथेही अध्यापकाकडे मास्टर्सच हवं असतं. शाळेत वरच्या वर्गांना शिकवायचं तर पहिल्या दर्जाची पात्रता, म्हणजे पुन्हा मास्टर्स. खालच्या वर्गांना दुसऱ्या दर्जाची चालते, ती बॅचलरच्या पातळीवर होते. आपलं बी.एड. आपोआप चालत नाही, त्याची रीतसर मान्यता घ्यावी लागते.

मला आपल्या जुन्या माणसांची आठवण झाली. पंडिता रमाबाईंकडे कुठल्या कॉलेजची पदवी होती? तरी १८८० च्या दशकात त्यांनी इंग्लंडमध्ये चेल्टनमच्या लेडीज कॉलेजात संस्कृत शिकवलं. गोव्याचे धर्मानंद कोसंबी तर शाळाही पुरी न करता पालीचे पंडित झाले, आणि १९१० साली थेट हार्वर्डला बोलावले गेले. मी हे भाचीला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, त्यांना जे येत होतं ते तिथे दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. इंग्रजी इथे सगळ्यांनाच येतं." यावर काय बोलणार!

तिनं मग शहाणपणानं काम केलं. इंग्रजी शिकवण्याचा केंब्रिजचा सेल्टा कोर्स केला. त्याला एम.ए. लागत नाही, पण रडवतो चांगलाच. त्यावर काम मिळालं ते "फोल्क्सुनिव्हर्सिटाइट"मध्ये. शब्दशः लोकविद्यापीठ! ही प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गांची संस्था, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची चळवळ. इथे परीक्षा नाही, पदवी नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी, तासांवर पैसे. वर्गात निवृत्त टपालवाला, एक नर्स, नातवंडं ऑस्ट्रेलियात असलेल्या दोन आज्या. सांगलीला फोनवर आईनं विचारलं, "युनिव्हर्सिटीतच ना?" ही म्हणाली, "हो, नावात तरी आहे." ताईनं गल्लीभर पेढे वाटले. मी मध्ये पडले नाही.

पण तासांच्या पैशावर घर चालत नाही, आणि स्वतंत्र कामगार म्हणून शिकवणंही आता सोपं राहिलेलं नाही. नावाला स्वतंत्र आणि खरं तर नोकर, अशा व्यवस्थेवर कर खात्यानं १ जानेवारी २०२५ पासून पुन्हा कारवाई सुरू केली. विद्यापीठांचीही हवा बदलली आहे. पदवीच्या पातळीवर इंग्रजी कमी करून डच वाढवावी, असं विधेयक २०२४ साली संसदेत आलं. विद्यापीठांतल्या हंगामी नोकऱ्यांचा रडगाणा तर जुनाच आहे. म्हणजे आज एम.ए. असतं तरी काय हाती लागलं असतं, असं माझं मत. भाचीला ते मुळीच पटत नाही.

तिनं ठरवलंय ते वेगळंच. दुसऱ्या दर्जाच्या शिक्षक-पात्रतेचा अर्धवेळ कोर्स करायचा, शाळेत लागायचं, आणि मग नोकरी सांभाळून मास्टर्स. जावई म्हणतात, चाळिशी येईल तोवर. ती म्हणते, चाळिशी तशीही येणारच आहे. पण त्या कोर्साला डच भाषा लागते, आणि चांगली लागते. तेव्हा इंग्रजीची ही शिक्षिका सध्या ट्राममध्ये डच क्रियापदं घोकते आहे. सरकारी परीक्षेचे वाचन, लेखन, ऐकणं असे तीन भाग झाले. बोलण्याचा पेपर पुढच्या महिन्यात आहे, आणि त्यासाठी टपालवाल्या आजोबांनी तिला दर गुरुवारी वर्गानंतर अर्धा तास द्यायचं कबूल केलंय.