पंचवटीतली मतदानाची रांग

नाशिकचे लोक गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगेच्या एका अंगाला जुने नाशिक: दूधबाजार, भद्रकाली, चौक मंडई, बडी दर्गा. दुसऱ्या अंगाला पंचवटी: रामकुंड, काळाराम मंदिर, सीतागुंफा. आपल्या लोकांची वस्ती बहुतेक पहिल्या अंगाला. पंचवटीत आपले जाणे होते ते बुधवारच्या बाजाराला, नाहीतर निमाणीवर बस धरायला. मी नाशिकची असून पंचवटीत सलग एक पूर्ण दिवस बसले ती 20 मे 2024 रोजी, लोकसभेच्या मतदानाला, आणि तेही सरकारी हुकुमाने.

विधानसभेला हे दोन काठ वेगळे आहेत. जुने नाशिक 'नाशिक मध्य'मध्ये, पंचवटी 'नाशिक पूर्व'मध्ये. लोकसभेला मात्र दोन्ही एकाच मतदारसंघात, सोबत देवळाली, सिन्नर, इगतपुरीही. आमचे केंद्र एका शाळेत होते. आत केंद्राध्यक्ष आणि आम्ही तिघे मतदान अधिकारी. पहिला यादीत नाव शोधून मोठ्याने वाचतो, दुसरा शाई लावून नोंदवहीत सही घेतो, तिसरा यंत्र सुरू करून देतो. मी दुसरी. पहाटे पक्षांच्या प्रतिनिधींसमोर पन्नास खोटी मते टाकून यंत्र तपासले, ती पुसली, आणि सातला दार उघडले.

पंचवटीचे खरे दर्शन मला त्या नोंदवहीत झाले. जुन्या वाड्यांतल्या आजी थरथरत्या हाताने मोडीसारखे काहीतरी गिरवत. कॉलेजच्या मुली झोकात इंग्रजी सही करत. फुले विकणाऱ्या बायका अंगठा पुढे करत आणि लगेच पदराला पुसत. एका बाईंनी उर्दूत सही केली, तेव्हा समोर बसलेल्या प्रतिनिधीने विचारले, "मॅडम, हे काय लिहिलंय?" मी नाव वाचून दाखवले. "छान दिसतं हो," तो म्हणाला. बुरख्यातल्या बायका आल्या की ओळख पटवायला केंद्राध्यक्ष मलाच पुढे करत. आडोशाला चेहरा पाहायचा, ओळखपत्राशी ताडायचा, झाले. अर्ध्या मिनिटाचे काम. त्याचा बाऊ बाहेरचेच लोक जास्त करतात.

जोहरच्या सुमारास एक खाला आल्या, सोबत सून. उन्हाने दोघींचे चेहरे लाल झालेले. ओळखपत्र होते, आधार होते, यादीत नाव नव्हते. मुलाने पंचवटीच्या बाजूला फ्लॅट घेतला, बिऱ्हाड दोन वर्षांपूर्वी पूल ओलांडून आले, नाव मागेच राहिले. "बेटी, हर बार डालती हूँ, इस बार क्यूं नहीं?" ओळखपत्र माणसाची ओळख सांगते, मताचा हक्क त्या केंद्राच्या यादीतून मिळतो, हे रांगेत उभ्या माणसाला समजावणे फार जड जाते. बाहेर बसलेल्या बीएलओंनी शोधून त्यांचे जुन्या नाशकातले केंद्र काढून दिले आणि खाला रिक्षाने परत पुलापलीकडे गेल्या. सुनेला रिक्षा उपयोगाची नव्हती. तिचे माहेर मालेगाव, नाव अजून तिथेच. मालेगाव शंभर किलोमीटरवर आणि तेही धुळे मतदारसंघात. लग्नाला चार वर्षे झाली, रेशनकार्डात नाव चढले, गॅसच्या पुस्तकात चढले, याच यादीचे कोणाला सुचले नाही.

बायकांची नावे अशी वाटेत सांडतात, हे जुने दुखणे आहे. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी आपली लोकशाही अगदी कोवळी होती. तेव्हा लाखो बायकांनी यादी करणाऱ्याला स्वतःचे नाव सांगितलेच नाही; अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवले की असे चालणार नाही, आणि सुमारे 28 लाख बायकांची नावे वगळली गेली. कठोर वाटते खरे, पण पुढच्या वेळी बायकांनी नावे सांगितली.

आपल्याकडची मुले डॉक्टरकी शिकायला बिश्केकला जातात, त्या किर्गिझस्तानची लोकशाही आपल्याहून कितीतरी लहान. तिथे 2015 च्या संसद निवडणुकीत ज्याने आधी बोटांचे ठसे नोंदवले त्यालाच मत मिळाले. 2020 मध्ये तर निकालावरून लोक रस्त्यावर उतरले, संसदेत घुसले आणि ती निवडणूकच रद्द करावी लागली. ते वाचल्यावर आपल्या कंटाळवाण्या नोंदवह्या आणि लाखेची मोहोर मला एकदम प्रिय वाटू लागली.

केंद्रापासून काही अंतरावर काळाराम मंदिर. 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्याच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते आणि दार उघडले नव्हते. 1957 मध्ये त्याच दादासाहेबांना नाशिकच्या मतदारांनी लोकसभेत पाठवले. शाळेत मुलांना हे दोन सनांतले अंतर मी फळ्यावर वजाबाकी करून दाखवते.

वाचक भगिनींसाठी कामाचे: घर बदलले, सासरी आलात, नावात चूक आहे, तर फॉर्म 8. नवीन नाव असेल तर फॉर्म 6. सतरा पूर्ण झालेली मुलगीही आधी अर्ज करू शकते. अठरा मोजायच्या तारखा आता वर्षातून चार आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. निवडणूक तोंडावर आली की अर्जाची मुदत संपते, म्हणून हे काम निकाहनंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच उरकावे.

सहा वाजता केंद्राध्यक्षांनी रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटायला सुरुवात केली. ज्याच्या हाती चिठ्ठी त्याचे मत होणारच. त्याच्यामागे नवा कोणी उभा राहू शकत नाही. पहिली चिठ्ठी कडेवर मूल घेतलेल्या एका बाईला मिळाली. धापा टाकत ती दोनच मिनिटे आधी पोहोचली होती. तिचे मत सर्वांत शेवटी झाले. मूल बोट पुढे करून शाई मागत होते. मी त्याला माझ्या पेनाने एक ठिपका काढून दिला आणि वही मिटली.