चेनला झोळ हवाच

मंडळी, आजचा विषय जरा काळ्या हातांचा आहे. मोटारसायकलची चेन! आयुष्यभर मराठी शिकवलेला मास्तर चेनवर लिहितोय म्हणून नातेवाईक हसतील. हसोत बापडे. गेली तीस वर्षं माझ्या गाडीची चेन मीच ताणतो, आणि उकिडवं बसता येतंय तोवर ताणणार.

खरं तर ‘चेन ताणणे’ हा शब्दच फसवा. काम ताणण्याचं नाहीच, बेताचा झोळ राखण्याचं आहे. गाडी डबल स्टँडवर घ्यायची, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला. चेनच्या खालच्या बाजूला मधोमध बोट लावून ती वरखाली हलवायची. बऱ्याच लहान गाड्यांना हा झोळ २० ते ३० मिलीमीटर सांगितलेला असतो. आपापल्या गाडीची पुस्तिका पाहावी. मग चाक हाताने थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी मोजायचं, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे ती सर्वांत घट्ट लागेल, तिथलं माप खरं धरायचं. चाकाच्या आसाचा नट सैल करून दोन्हीकडचे ॲडजस्टर सारखेच फिरवायचे, खुणा जुळवायच्या, नट आवळायचा आणि पुन्हा मोजायचं. चाक मागे सरकलं की मागच्या ब्रेकची सळईही ताणली जाते, तेव्हा ब्रेकही तपासायचा.

चेन लांबते म्हणजे लोखंड रबरासारखं ताणलं जातं असं नव्हे. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीची बुश किंचित किंचित झिजते. शंभरेक कड्यांची झीज एकत्र झाली की चेन लोंबायला लागते आणि कव्हरवर खडखड वाजते.

दिवाळीच्या सुट्टीत मी हेच करत होतो. बारावीतला नातू टॉर्च धरून बसला होता. म्हणाला, "आजोबा, एकदाची गच्च करून टाका ना. परत कटकटच नको."

मी गाडी स्टँडवरून उतरवली. चिरंजीव आणि सूनबाईंना हाक मारून वर बसवलं. नातवाला म्हटलं, आता बघ बोट लावून.

"अरे! झोळ कमी झाला की!"

होतोच. वर माणसं बसली की मागचं चाक चेसिसच्या मानाने वर सरकतं आणि दोन चक्रांमधलं अंतर थोडं वाढतं. रिकाम्या गाडीवर चेन गच्च केली, तर ओझं बसल्यावर तिला द्यायला काही उरतच नाही. मग बेअरिंगं जातात, चक्रांचे दात झिजतात, कधी चेनच तुटते. फार सैल ठेवली तर ती दातांवरून उतरते, हेही खरं. म्हणून तर मोजायचं.

नातू हे ऐकून गप्प झाला. त्याच्या टेबलासमोर चिरंजीवांनी जूनमध्ये केलेलं वेळापत्रक चिकटवलंय. पहाटे पाच ते रात्री अकरा, एक चौकोन रिकामा नाही. महिनाभर पोराचं डोकं दुखत होतं, ताटातलं अन्न तसंच राहत होतं. चौतीस वर्षं मी अशी मुलं पाहिली आहेत. ती जूनमध्ये मोडत नाहीत, परीक्षा तोंडावर आल्यावर मोडतात.

आईबापांच्या मध्ये आजोबाने किती बोलावं, हा प्रश्नच असतो. पण त्या रात्री मी चिरंजीवांना एवढंच म्हटलं, "बाबा रे, हे वेळापत्रक तू रिकाम्या गाडीवर बसवलंयस. ओझं अजून बसायचंय."

दोन दिवस चिरंजीव माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलले. तिसऱ्या दिवशी पाहिलं, तर संध्याकाळी सहा ते सातच्या चौकोनावर पांढरा कागद चिकटवला होता. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं, ‘खेळ’ असंसुद्धा नाही. मला तेच जास्त आवडलं.

निकाल लागेल तो लागेल. पोरगं हल्ली दुसरी पोळी मागून घेतं.

असो. पावसाळा संपला की चेन धुऊन तेल द्या, झोळ मोजा. आणि इंजिन चालू असताना चेनजवळ बोट नेऊ नका, हे मास्तर म्हणून सांगणं माझं काम!