शब्द एक, कान अनेक

कोणता शब्द चारचौघांत उच्चारावा आणि कोणता ओठांवर येऊ देऊ नये, हे आपण लहानपणी घरातच शिकतो. परंतु इंग्रजीसारखी भाषा अनेक देशांत नांदू लागली, की घरचे हे धडे पुरे पडत नाहीत. एका देशात जो शब्द सोज्वळ, तोच दुसऱ्या देशात असभ्य ठरतो. आमच्या वसईच्या पट्ट्यात हा प्रश्न केवळ पुस्तकी राहिलेला नाही. नाताळात कॅनडा, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, अमेरिका येथून आप्त घरी येतात आणि एकाच पंगतीत चार देशांची इंग्रजी कानी पडते.

काही उदाहरणे हसण्यावारी नेण्याजोगी आहेत. पेन्सिलीचे लिखाण खोडण्यासाठी आपण शाळेत 'रबर' मागतो, इंग्लंडमध्येही मागतात. अमेरिकेच्या बोलीत मात्र तो संततिनियमनाच्या साधनाचा शब्द आहे, म्हणून तेथे 'इरेझर' म्हणावे लागते. कमरेला बांधायच्या पिशवीला अमेरिकन माणूस 'फॅनी पॅक' म्हणतो. त्याच्या लेखी 'फॅनी' म्हणजे बसण्याचा भाग. आजीसमोरही तो शब्द खपतो. इंग्लंडमध्ये तो स्त्रीदेहाविषयीचा अशिष्ट शब्द असल्याने तीच पिशवी तेथे 'बम बॅग' होते.

'ब्लडी' या शब्दाची कथा याहून रंजक आहे. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली ज्याच्या आधारे 'ती फुलराणी' रंगभूमीवर आणली, ते बर्नार्ड शॉ यांचे 'पिग्मॅलियन' एप्रिल १९१४ मध्ये लंडनला झाले. नायिकेच्या तोंडी हा शब्द ऐकून तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. अमेरिकन कानाला त्यात शिवी जाणवत नाही, केवळ ब्रिटिशपणा जाणवतो. ऑस्ट्रेलियात तर तो इतका घरगुती, की २००६ साली तेथील पर्यटन संस्थेने परदेशी पाहुण्यांना बोलावणाऱ्या जाहिरातीतच तो घातला. इंग्लंडच्या दूरचित्रवाणीवर त्या जाहिरातीला प्रथम मनाई झाली. ऑस्ट्रेलियाच्या पर्यटनमंत्री रदबदलीसाठी लंडनला गेल्या आणि मग मनाई उठली.

येथवर सारा मामला संकोचाचा आहे. कोणाचे काळीज त्यात जखमी होत नाही. परंतु शब्द एखाद्या माणसाच्या व्यंगाला चिकटलेला असेल तर? 'स्पॅस्टिक' हा तसा शब्द आहे. स्नायू ताठरणे हा त्याचा मूळ वैद्यकीय अर्थ. सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांसाठी इंग्लंडमध्ये १९५२ साली जी संस्था उभी राहिली, तिच्या नावातच तो सन्मानाने होता. पुढे शाळेच्या मैदानांवर मुले एकमेकांना चिडवताना तो वापरू लागली आणि दयेपोटी रूढ झालेला शब्द थुंकल्यासारखा उच्चारला जाऊ लागला. शेवटी १९९४ साली संस्थेने नाव बदलून 'स्कोप' केले. मुलांनी त्या नावावरूनही चिडवण्याचा नवा शब्द काढला, ही त्यातली विषण्ण करणारी गोष्ट.

अमेरिकेत त्याच शब्दाचे लघुरूप 'स्पॅझ' हे नुसत्या धांदरटपणाचे वर्णन होऊन बसले. २००६ साली गोल्फपटू टायगर वुड्स यांनी स्पर्धेतील आपल्याच खेळाविषयी बोलताना ते सहज वापरले. इंग्लंडमध्ये नाराजी उमटली आणि त्यांनी क्षमा मागितली. २०२२ साली लिझो व बियॉन्से या दोन अमेरिकन गायिकांनाही अपंग श्रोत्यांच्या आक्षेपानंतर आपापल्या गाण्यातून तो काढावा लागला. तिघांच्याही मनात कोणाला दुखवण्याचा हेतू होता, असे आम्हाला वाटत नाही.

आपल्याकडे याच शब्दाचा प्रवास निराळा झाला. मुंबईत १९७२ साली 'स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' स्थापन झाली आणि अनेक कुटुंबांना या शब्दाची ओळख शाळा, उपचार आणि आधार यांच्या सोबतीने झाली. पुढे याही संस्थेने नाव बदलले, पण शब्द घरोघरी राहिला.

आमच्या एका मावसबहिणीच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. इंग्लंडमध्ये परिचारिका असलेली आमची भाची एका नाताळात त्यांच्याकडे आली होती. बोलता बोलता मुलाची आई म्हणाली, "माझा लेक स्पॅस्टिक आहे, पण हुशार आहे." भाचीचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने ती हलकेच म्हणाली, "मावशी, तो शब्द नका ना वापरू. आमच्याकडे ती फार वाईट शिवी आहे."

मावशी रागावली नाही. ती म्हणाली, "बाळा, हा शब्द डॉक्टरांनी सांगितला, त्याआधी लोक काय काय म्हणायचे ते तुला ठाऊक नाही. कोणी वेडा म्हणे, कोणी म्हणे आई-बापाचं पाप. हा आजार आहे, कुणाचा दोष नाही, हे मला या शब्दानं कळलं. त्या रात्री मी पहिल्यांदा झोपले."

भाची गप्प झाली. एकीने ज्या शब्दाच्या आधाराने मान वर केली, त्याच शब्दाने दुसरीच्या रुग्णालयातली मुले मान खाली घालत होती. दोघीही खऱ्या होत्या. मुलगा तेथेच बसला होता. वय तेवीस, बोलणे संथ. एकेका शब्दासाठी त्याला झगडावे लागते. भाचीने खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि विचारले, "तुला काय म्हटलेलं आवडेल?" उत्तर यायला वेळ लागला, सारे थांबले. "सीपी... म्हणा," तो म्हणाला, "तेही... विचारलं... तरच." आई त्याच्याकडे पाहतच राहिली. त्याला हे आजवर कोणी विचारले नव्हते.

वाचकहो, कोणते शब्द कोठे असभ्य, याच्या याद्या पाठ करून हा प्रश्न सुटणार नाही. याद्या बदलत राहतात, आणि मनात तुच्छता असेल तर ती नव्या शब्दालाही नासवते. 'स्कोप'चे तेच झाले. पण म्हणून "आमच्या मनात काही वाईट नव्हते" एवढे म्हणून सुटताही येत नाही. शब्द बोलणाऱ्याच्या मुखातून निघतो, परंतु पोहोचतो ऐकणाऱ्याच्या आयुष्यात, आणि तेथे त्याच्या आधी काय काय पोहोचले आहे हे बोलणाऱ्याला दिसत नसते. ज्याच्याविषयी शब्द आहे, त्याला आधी विचारावे आणि उत्तर संथपणे आले तरी थांबून ऐकावे. परदेशी गेलेल्या आपल्या मुलाबाळांनी हे तेथे पाळावे, आणि आपण येथे, आपापल्या आळीत पाळावे.