दुखत नव्हती म्हणून

मैत्रिणींनो, आंघोळ करताना डाव्या बाजूला, काखेकडे, ती गाठ हाताला लागली तेव्हा २०२१ सालची दिवाळी आठ दिवसांवर आली होती. दाबून पाहिली. दुखेना. म्हटलं, दुखत नाही ना, मग कसली काळजी! चकलीची भाजणी दळून आणायची होती, पाहुणे यायचे होते. तुम्ही तरी दुसरं काय केलं असतंत?

भाऊबीज झाली, तुळशीचं लग्न झालं. मी कुणाला बोलले नाही, यांनासुद्धा नाही. खरं सांगते, भीतीपेक्षा संकोच मोठा होता. डिसेंबरात नणंद माहेरी आली, तिच्या कानावर घातलं. हातातलं लाटणं ठेवून ती म्हणाली, "वहिनी, ही गाठ सुरुवातीला बहुतेक दुखत नाहीच. उद्याच्या उद्या चल."

मॅमोग्राफी झाली, सुईनं तुकडा काढून तपासला. कॅन्सरच. दीड सेंटिमीटर, पहिली अवस्था.

घरात सगळ्यांचं एकच, "पूर्ण काढूनच टाका, कटकट नको." डॉक्टरीणबाईंनी मात्र मला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? मिलानमध्ये डॉ. व्हेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात माझ्यासारख्याच लहान गाठीच्या ७०१ बायकांना दोन गटांत घेतलं होतं. एका गटाचा स्तन पूर्ण काढला, दुसऱ्याचा गाठीसकट एक भाग काढून रेडिएशन दिलं. दुसऱ्या गटात त्याच जागी गाठ पुन्हा येण्याचं प्रमाण थोडं जास्त होतं, पण वीस वर्षांनीही जगण्यात फरक दिसला नाही. मी म्हटलं, मग माझी गाठच काढा. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. (रागानं नाही, घाबरून. पण ते मला फार नंतर कळलं.)

काखेतल्या ग्रंथी स्वच्छ निघाल्या, केमो टळली. रेडिएशन पंधरा वेळा, शनिवार-रविवार सुट्टी. कातडी करपल्यासारखी काळवंडली, सैल सुती पोलक्याशिवाय काही सोसवेना. आता पाच वर्षं रोज टॅमॉक्सिफेनची एक गोळी. भर थंडीत अंगातून वाफा निघतात, पंखा लावला की हे पांघरूण ओढून घेतात!

एका दुपारी सासूबाईंनी दार लोटून घेतलं. "जरा माझी बघ गं. दोन वर्षं झाली, मलाही एक लागते. दुखत नाही म्हणून बोलले नाही."

मी गॅस बंद केला, पायांत चपला सरकवल्या आणि कोपऱ्यावरून रिक्षा आणली. त्यांची गाठ साधी निघाली. परतताना त्यांनी मला रिक्षातच विचारलं, "तुझ्या जावेला सांगितलंस का गं हे सगळं?"