चार गळे, दोन तालमी

लग्नाच्या खर्चाच्या वहीत कॉयर बहुतेक वेळा शेवटच्या पानावर येतो. हॉल, जेवण, नवरीचा गाऊन, फोटो, बँड, डीजे असं सगळं ठरलं, बयाणे देऊन झाले, की पेणकरपाड्यातल्या एखाद्या घरून मला फोन येतो. नवरीची आई असते, नाहीतर थोरला भाऊ. थोडं अवघडून विचारतात, "मिस, गाण्याचं थोडक्यात होईल ना?" मी होईल म्हणते, आणि मनापासून म्हणते. पैसे कमी म्हणून मिस्सेतलं गाणं उतरलेलं असावं, हे मला मुळीच पटत नाही.

बँड कमी करा, असं मात्र मी कोणाला सांगत नाही. ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरात लग्नाआधी उंबराचं पाणी आणायच्या विधीला बँड लागतोच. त्या वाजण्यावर सगळा पाडा गोळा होतो, तो आनंद खरा आहे. माझं मागणं एवढंच असतं की देवळातल्या तासाभरासाठी जे काही उरलंय, ते कुठे घालायचं हे मला ठरवू द्या.

पहिला प्रश्न ठरलेला. माणसं किती आणणार? फोटोत पंधरा-वीस गायकांची रांग छान दिसते, म्हणून लोकांच्या डोळ्यांसमोर तीच असते. मी चार सांगते: सोप्रानो, आल्टो, टेनर, बास, प्रत्येकी एक. आणि एक कीबोर्डवाला. चांगला बास मिळणं आमच्या भागात कठीण. नाहीच मिळाला तर कीबोर्डचा डावा हात त्याची ओळ सांभाळतो आणि वर तीन गळे पुरतात. तेवढीही तयारी नसेल तर सरळ सगळ्यांनी एकच चाल धरावी. चार सुरांत डळमळण्यापेक्षा एका सुरात ठाम उभं राहिलेलं कानाला केव्हाही बरं वाटतं.

माणसं कमी केली की जे पैसे वाचतात, ते मी तालमीला मागते. इथे घरच्यांना समजवावं लागतं, कारण तालीम दिसत नाही. लग्नाच्या दिवशी भेटून थेट गाणारे गायक मिळतात, आणि त्यातले काही उत्तम असतात. पण श्वास कुठे घ्यायचा, शेवटचा 'स' चौघांनी एकाच क्षणी कसा सोडायचा, कोणत्या ओळीवर कोणी मागे सरायचं, हे आधी एकत्र बसल्याशिवाय येत नाही. चार जणांत प्रत्येकाचा आवाज उघडा असतो, लपायला जागा नसते. म्हणून दोन तालमी. त्यातली एक त्याच देवळात, जिथे लग्न आहे. जाड भिंतींच्या उंच देवळात आवाज रेंगाळतो, लय थोडी संथ ठेवावी लागते. नव्या सिमेंटच्या इमारतीत शब्द स्वच्छ पोचतात, पण पंख्यांची घरघर आल्टोला गिळते. भाड्याच्या चार माइकांपेक्षा नीट जागी ठेवलेला एक चांगला माइक आणि त्याच्याभोवती अर्धवर्तुळात उभे गायक, हे स्वस्तही पडतं आणि आवाज एकजीव येतो.

वरातीच्या सुरावटीबद्दल मी हट्टी आहे. नवरी वेदीपर्यंत यायला किती वेळ घेईल, हे कोणी सांगू शकत नाही. फुलं उधळणाऱ्या मुली मध्येच थांबतात, फोटोवाला अडवतो, आजोबांची चाल हळू असते. अशा वेळी पाखेलबेलचा कॅनन कामाला येतो. त्याच्या तळाशी आठ सुरांची एकच बासची ओळ आहे आणि ती 28 वेळा फिरते. वर काहीही चाललेलं असो, एक फेरी संपली की तिथे थांबता येतं, आणि ऐकणाऱ्याला तुटल्यासारखं वाटत नाही. एका हुशार कीबोर्डवाल्याच्या हातात हा कॅनन दिला की प्रवेशाचं सगळं काम झालं. त्यासाठी व्हायोलिनवाला वेगळा बोलवायला नको.

वॅग्नर आणि मेंडेलसोन यांच्या लग्नधुनांची मागणी अजून येते. एक 1850 सालच्या ऑपेरातली, दुसरी 1842 मध्ये शेक्सपियरच्या नाटकासाठी रचलेली. व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीच्या लग्नात 1858 साली त्या वाजल्या आणि जगभर रूढ झाल्या. रंगभूमीचं संगीत म्हणून काही फादर त्या देवळात वाजवू देत नाहीत. म्हणून गाण्यांची यादी आधी फादरना दाखवावी, मग तालमीला बसावं. बसवलेलं गाणं ऐनवेळी गळालं, तर तालमीचे पैसे वाया जातात. शूबर्टच्या 'आवे मारिया'चंही असंच. 1825 ची ती रचना मुळात वॉल्टर स्कॉटच्या काव्यातलं गीत आहे. तिचे लांब श्वास पेलणारा गळा मिळाला तरच घ्यावी, आणि वधूवर रजिस्टरवर सह्या करत असताना घ्यावी. गळा नसेल तर सोडून द्यावी, तिच्यावाचून काही अडत नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. व्हॅटिकनने 5 मार्च 1967 रोजी 'मुसिकाम साक्राम' ही उपासनेतल्या संगीताविषयीची सूचना काढली. लोकांना पूर्ण वगळून सगळं गाणं एकट्या कॉयरवर सोपवू नये, असं त्यात स्पष्ट आहे. आणि जिथे छोटा कॉयरही उभा करता येत नाही, तिथे निदान एक-दोन नीट शिकलेले गायक असावेत आणि त्यांनी लोकांना बरोबर घेऊन सोप्या चाली गाव्यात, असंही आहे. हे वाचल्यापासून मी 'कमी बजेट' हा शब्द वेगळ्या कानांनी ऐकते. जमलेल्या लोकांनी गावं आणि आम्ही त्यांना धरून ठेवावं, हे आमचं मूळ काम.

आमच्याकडे जमणारी माणसं मात्र नाना भाषांची. वसईची मराठी, गोव्या-मंगळूरची कोकणी, कोणी तमिळ, कोणी मल्याळी, आणि बिल्डिंगमधले हिंदू, मुसलमान शेजारी. सगळ्यांना येणारं गाणं कुठून आणायचं? ते स्तोत्राच्या प्रतिसादात सापडतं. गायिका एक छोटी ओळ म्हणते, लोक लगेच तीच म्हणतात, मग कडवं, पुन्हा ओळ. छापील पुस्तिका लागत नाही, त्याचेही पैसे वाचतात. ओळ चार-पाच सुरांतली हवी आणि पट्टी उतरलेली हवी. कॉयरला सोयीची पट्टी बाकावरच्या काकांना चढते, आणि एकदा आवाज फाटला की ते उरलेली मिस्सा गप्प बसतात. मी सरळ एक-दीड सुराने खाली आणते. सोप्रानो कुरकुरतात, तरी आणते.

तारखेचंही ऐका. आगमनकाळात आणि उपवासकाळात लग्नं शक्यतो होत नाहीत, त्यामुळे नाताळनंतर राखेच्या बुधवारपर्यंत सगळी दाटी होते. शनिवार-रविवारी चांगला कीबोर्डवाला मिळत नाही, मिळाला तर महाग. मधला वार घेतला तर तोच माणूस निवांत येतो. गायक शक्यतो काशीमिरा, भाईंदर, दहिसर इथलेच घ्यावेत. वरसावे पुलावरून किंवा दहिसर नाक्यावरून लांबून येणारा गळा कितीही गोड असला तरी हायवेची खात्री देता येत नाही, आणि गाडीभाडं वर.

रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकला मी नाही म्हणते. नवरा लग्नाचं वचन देताना गहिवरून थांबला तर आम्ही थांबतो, ट्रॅक थांबत नाही.

शेवटी घरातलीच माणसं. प्रत्येक घरात गाणाऱ्या दोन-चार मुली असतातच: नवरीच्या मावसबहिणी, नवऱ्याच्या भाच्या. त्यांना कॉयरमध्ये उभं करा, असा घरच्यांचा आग्रह असतो. मी त्यांना लोकांत बसवते, एक पुढे, एक मधे, दोघी अगदी मागच्या बाकांवर. शेजारी कोणी मोकळेपणाने गातंय म्हटल्यावर लाजणारी माणसंही तोंड उघडतात. त्यांना यायला हवा तो फक्त प्रतिसाद, 'पवित्र, पवित्र' आणि शेवटचं गीत. तेवढं मी बॅन्सच्या, म्हणजे देवळात लग्न जाहीर करण्याच्या, शेवटच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर तिथेच बाकावर बसून शिकवते. त्याचे पैसे घेत नाही.